शाळेचं दप्तर कोणाचं?

विश्वस्त : बाई, तुमच्या मुदतवाढीचा विषय कार्यकारी मंडळापुढे येईल, तेव्हा मी विरोध करणार आहे. तो मागून कळण्यापेक्षा तुम्हाला आधी सांगतो. आपली शाळा अनुदानित. पगार सरकार देतं, पण मंजूर पदांचा. संचमान्यतेत लिपिक बसतो, ग्रंथपाल बसतो, निदान अर्धवेळ तरी बसतो. अभिलेखपाल नावाचं पदच तिथे नाही. म्हणजे तुमचं मानधन संस्थेच्या गंगाजळीतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून जातं. वेतनेतर अनुदान कधी हातात पडेल याचा भरवसा नाही, त्यामुळे मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि प्रयोगशाळेतली काचेची भांडी याच देणग्यांतून करावी लागतात. आज बाकावर बसलेल्या मुलाचा हक्क मोठा, की 1890 साली बसून गेलेल्याचा? मला आजच्याकडेच पाहावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तुम्ही आठवड्यातल्या मोजक्या दुपारी येता आणि त्या खोलीत शंभरावर वर्षांचे कागद आहेत. या वेगाने काम कधीच संपणार नाही. पूर्णवेळ माणूस नेमायची ऐपत नसेल तर सगळं दप्तर पुराभिलेख संचालनालयाला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाला द्यावं आणि मोकळं व्हावं. अर्धवेळ अभिलेखपाल ठेवून आपण फक्त स्वतःची समजूत घालतोय.

अभिलेखपाल : संपणार नाही, हे मान्य. पण संपण्याची अट लावली तर कुठलंच दप्तर उभं राहत नाही, सर. आपल्याच पुण्यातलं पेशवे दप्तर घ्या. गो. स. सरदेसायांनी 1930 नंतरच्या थोड्या वर्षांत त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड छापून काढले, तरी रुमालांत बांधलेला फार मोठा भाग अजून छापला गेलेला नाही. तरीही त्या 45 खंडांवाचून मराठ्यांचा इतिहास कोणाला लिहिता आला असता?

पण मी इतिहासापासून सुरुवात करणार नाही. तुम्ही आजच्या मुलाचं नाव काढलंत, तिथूनच करते. निकाल लागले की ऑफिसच्या खिडकीशी कोण येऊन उभं राहतं ते आठवा. एखाद्या मुलीचे वडील. मुलीला प्रवेश मिळालेला असतो, जातवैधता प्रमाणपत्र राहिलेलं असतं, आणि त्यांना आजोबांची किंवा पणजोबांची नोंद हवी असते. पडताळणी समितीपुढे अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखा पाहिल्या जातात. त्यांच्या आधीच्या कागदाला सगळ्यात जास्त वजन. आता भूमिहीन माणसाच्या घरी इतका जुना कागद कुठून येणार? सातबारा नाही, खरेदीखत नाही. असली तर शाळेतली नोंद असते. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, कुणबी नोंदींचा शोध घेतला जाऊ लागला, तेव्हा महसुली दप्तरांबरोबर शाळांची प्रवेश रजिस्टरंही उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना गावोगाव मागणी आली. ज्या रजिस्टराची पानं ओल लागून एकमेकांना चिकटली आहेत, त्यातल्या कुटुंबांना त्या दिवशी काय मिळणार? हा आजच्याच मुलाचा हक्क आहे, आणि तो त्या खोलीत आहे.

विश्वस्त : हे मला पटतं, पण याने तुमची बाजू अर्धीच सिद्ध होते. दाखले देणं हे लिपिकाचं काम आहे. त्यासाठी जनरल रजिस्टर पुरतं. ते कायम जतन करायचं असतं, हे नियमातच आहे. रजिस्टरांची नव्याने बांधणी करा, एकदा स्कॅन करून घ्या, संपलं. तुम्ही मात्र हजेरीपट, कीर्द, आवक-जावक, डेडस्टॉक रजिस्टर, तपासणीला येणाऱ्या दिपोटींचं शेरेबुक, गॅदरिंगच्या पत्रिका, सगळं धरून बसला आहात. सरकारी अभिलेखांचेसुद्धा वर्ग असतात, अ वर्ग कायमचा आणि ड वर्ग वर्षभराने रद्दीत. हजेरीपट काही वर्षांनी काढून टाकायची मुभा आहे. शहाण्या माणसांनी विचार करूनच ती दिली असेल.

शिवाय ज्या रजिस्टराचं तुम्ही इतकं मोल सांगता, ते खरं तरी किती? माझ्या वडिलांची जन्मतारीख 1 जून. त्यांच्या दोन्ही भावांचीही 1 जून. गावातल्या अर्ध्या माणसांची 1 जूनच. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तारीख ठाऊक नसायची आणि मास्तर अंदाजाने वय लावून तीच तारीख टाकायचे. जो कागद इतक्या सहजपणे खोटं बोलतो, त्याच्यासमोर तुम्ही डांबरगोळ्या घेऊन बसणार?

अभिलेखपाल : डांबरगोळ्या मी वापरत नाही, बंद खोलीत बसणाऱ्या माणसाला त्यांचा त्रास होतो. पण 1 जूनबद्दल बोलू. त्या तारखेत मला खोटेपणापेक्षा जास्त काही दिसतं. पानावर खाली उतरत जा. एखाद्या मुलापुढे 14 सप्टेंबर लिहिलेलं असतं, त्याच्याखालच्या तिघांपुढे 1 जून. पहिल्याच्या घरी पत्रिका होती, जन्मवेळ टिपून ठेवणारं कोणीतरी होतं. बाकीच्या तिघांच्या घरी त्यांच्याआधी कोणी शाळेत गेलेलं नव्हतं. ही गोष्ट कुठल्याही खानेसुमारीच्या तक्त्यात इतकी उघड दिसत नाही. मास्तरांनी चुकीची तारीख लिहिली, पण त्या पानाने गावाची खरी स्थिती सांगितली. अशी पानं एकापुढे एक ठेवून वाचायला लिपिकाला वेळ नाही. त्याला एक नोंद शोधून शिक्का मारायचा असतो, आणि खिडकीशी रांग असते.

हजेरीपटाचंही तसंच आहे. नियमाने तो फेकता येतो. पण 1918 चा इन्फ्लुएंझा मुंबई इलाख्यात त्या पावसाळ्याच्या अखेरीस सगळ्यात भयंकर होता. ज्या शाळेत त्या सप्टेंबर-ऑक्टोबरचे हजेरीपट टिकले असतील तिथे कुठल्या वर्गात किती मुलं यायची थांबली आणि त्यांतली किती परत आलीच नाहीत, हे नावानिशी कळेल. इलाख्यात किती माणसं गेली याचे अंदाज पुस्तकांत आहेत. नावं या पटांत. मुलींच्या शाळांच्या जुन्या रजिस्टरांत 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना पाहा. 1884 साली हुजूरपागा ही मुलींची शाळा निघाली, तेव्हाच्या वादात रानडे काय म्हणाले आणि टिळक काय म्हणाले, हे आपण शिकवतो. मुलगी कितव्या इयत्तेतून, कोणत्या वयात, कशामुळे गेली, हे शिकवायला मात्र हा रकानाच लागतो. त्यात 'लग्न' हा एकच शब्द पानामागून पान दिसायला लागला की भाषणांचा अर्थ बदलतो.

आणि काय टाकावं हे आज ठरवणाऱ्याला उद्याचा प्रश्न ठाऊक नसतो. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाची नोंद झाली. भिवा रामजी आंबेडकर, दाखल क्रमांक 1914. लिहिणाऱ्याला त्या दिवशी तो क्रमांक 1913 सारखाच होता. 2017 पासून महाराष्ट्र शासन 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. ते रजिस्टर मधल्या काळात एखाद्या टापटिपीच्या मुख्याध्यापकांनी जागा अडते म्हणून काढून टाकलं असतं, तर?

विश्वस्त : तर बाबासाहेबांच्या थोरवीत तसूभरही उणं आलं नसतं. तुमचं उदाहरण मला उलट्या दिशेला नेतं, बाई. 1914 क्रमांकाचं पान सगळ्यांनी पाहिलं. 1913 आणि 1915 कोण होते, हे कोणी विचारलं? आपल्याकडेही तेच होतं. शताब्दी आली की दप्तर उघडायचं, न्यायाधीश, मंत्री, नट, क्रिकेटपटू शोधायचे, स्मरणिकेत त्यांचे फोटो छापायचे आणि कपाट बंद करायचं. अभिलेखपाल ही शाळेच्या मोठेपणाची पुरवठादार होऊन बसते. मी या मंडळावर बरीच वर्षं आहे, तुमच्याकडे पहिली मागणी काय येते ते मला माहीत आहे : आपल्या शाळेत कोण कोण शिकलं, यादी द्या.

अभिलेखपाल : ती यादी मी देते, कारण त्या यादीमुळेच देणग्या येतात. पण 1913 आणि 1915 बद्दल तुम्ही जे विचारलंत, नेमकं त्याच्यासाठी मी हे काम धरलं आहे. जे मोठे झाले त्यांची चरित्रं लिहिली गेली, त्यांच्यासाठी शाळेच्या कागदाची गरज फारशी नाही. जो मुलगा चौथीतून फीपायी गेला, त्याच्या आयुष्याबद्दल जगात उरलेला एकमेव लेखी कागद कदाचित आपल्या खोलीत असेल.

भिडे वाड्याचं पाहा. जोतीराव आणि सावित्रीबाईंची 1848 ची शाळा. वाडा डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. त्या शाळेबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं तेव्हाच्या वृत्तपत्रांतून, सरकारी अहवालांतून आणि पुढे जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनातून. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध आज आपण वाचू शकतो, कारण 1855 साली 'ज्ञानोदया'ने तो छापला. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलींनी पाटीवर, कागदावर काय लिहिलं ते गेलं. बाहेरच्या कोणी दखल घेतली तेवढंच उरलं. मला आपल्या शाळेचं तसं व्हायला नको आहे.

विश्वस्त : हे ऐकताना हृदयाला भिडतं. पण अर्धवेळेचा प्रश्न तुम्ही टाळलात. गेल्या पिढीत शाळेचे एक निवृत्त शिक्षक असंच प्रेमाने काम करायला लागले होते. त्यांनी सगळे गठ्ठे सोडले, विषयवार लावायला घेतले, आणि मध्येच त्यांची प्रकृती बिघडली. त्यानंतर पत्रव्यवहार कुठल्या फायलीतला, पावती कुठल्या व्यवहाराची, काही कळेना. त्यांनी हात लावला नसता तर बरं झालं असतं. शस्त्रक्रिया अर्ध्यात टाकून डॉक्टर घरी जावा, तसं अर्धवेळच्या माणसाचं होतं.

अभिलेखपाल : त्यांचं काम मी पाहिलं आहे, आणि त्यावरूनच माझी रीत ठरली. कागद ज्या क्रमाने आले त्या क्रमाने ठेवायचे, विषयवार लावायचे नाहीत. रुमाल सोडला की त्याच दुपारी यादी करून पुन्हा बांधायचा. आधी सगळ्या खोलीची ढोबळ यादी : कुठल्या फळीवर काय, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत. तपशील नंतर. उद्या मी आले नाही तरी जितकं झालं तितकं पूर्ण असलं पाहिजे. पूर्णवेळ माणसाला पसारा मांडून ठेवता येतो, मला येत नाही. हा माझ्या कामाचा तोटा आहे तसाच त्याचा धाकही आहे.

आणि बऱ्याच गोष्टींना वेळेपेक्षा माहिती लागते. जुनी काळी शाई हिराकस घालून केलेली असायची. ती आम्लधर्मी, त्यामुळे जिथे लेखणी जोरात टेकली तिथे अक्षराच्या आकाराचं भोक पडतं. अशा पानाला ओल आणि घडी, दोन्ही सोसत नाहीत. लोक काय करतात? फाटलं की सेलोटेप लावतात. थोड्या वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन अक्षरांवर उतरतो. किंवा अगदी काळजीने लॅमिनेशन करून आणतात. त्यात कागद तापतो, प्लॅस्टिकमध्ये कायमचा अडकतो, पुढे दुरुस्त करायचा म्हटला तरी करता येत नाही. शाळेचं सगळ्यात मौल्यवान पान कोणतं हे ओळखून त्याचंच लॅमिनेशन केलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. टाचण्या काढणं, गंजलेल्या पिनांच्या जागी दोरा बांधणं, आम्लमुक्त कागदाचं वेष्टन घालणं, कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढणं, सगळ्यात खालची फळी रिकामी ठेवणं, कसर आणि वाळवी दर पावसाळ्याआधी तपासणं. यांतलं काहीच पूर्णवेळ नोकरीचं काम नाही. पण ज्याचं त्याकडे लक्ष आहे असं एक माणूस लागतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ज्यांचं दप्तर वरच्या मजल्यावर होतं त्यांचं वाचलं. वरच्या मजल्यावर ठेवा, एवढं म्हणायला अर्धी दुपार पुरते.

बाहेरच्या संस्थेला देण्याबद्दल म्हणाल, तर इतिवृत्तांची जुनी बाडं द्यायला माझी हरकत नाही, तिथे त्यांची निगा आपल्यापेक्षा चांगली राहील. जनरल रजिस्टर मात्र शाळेतून हलता कामा नये. खिडकीशी आलेल्या माणसाला आपण दुसऱ्या गावचा पत्ता द्यायचा का?

विश्वस्त : ठीक. मग आता माझा खरा आक्षेप ऐका. पैशाचा आक्षेप त्याच्यापुढे लहान आहे. तुम्ही 1913 आणि 1915 ची बाजू घेता. त्यांना विचारलंत का? त्या रजिस्टरात जात आणि पोटजात आहे. नापास झाल्याचा शेरा आहे. वर्तणुकीचा रकाना आहे. फी थकल्याने नाव कमी केलं, हे आहे. कोणाच्या तरी आजीचं लग्न कितव्या वर्षी झालं ते आहे. हे सगळं आजवर एका कपाटात होतं, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. तुम्ही स्कॅन केलंत की एका बोटाने ते जगभर जाईल. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा कागदावरच्या नोंदीला हात लावत नाही, पण तीच नोंद डिजिटल झाली की त्याच्या कक्षेत येते. अभिलेख आणि संशोधनाला त्यात सवलत आहे, ती अटींवर. त्या अटी पाळल्या जातात की नाही हे आपल्या शाळेत कोण पाहणार? एकटं बसून अर्धवेळ काम करणारं, कोणालाही उत्तर न देणारं एक माणूस? तुमच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. तुमच्यानंतर जो येईल त्याला मी ओळखत नाही.

अभिलेखपाल : या आक्षेपाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. एक अनुभव सांगते. एक गृहस्थ पणजोबांची नोंद शोधायला आले. ती सापडली, त्यांना हवी होती तीच जात तिथे लिहिलेली होती, त्यांचं काम झालं. त्यांनी शेजारच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे कोण? आडनावावरून त्यांना ते घराणं ओळखीचं वाटलं होतं, आणि त्या घराने आज गावात वेगळी ओळख सांगितली आहे, असं त्यांचं म्हणणं. मी रजिस्टर मिटलं. त्यांचा हक्क आणि शेजारच्या ओळीतल्या माणसाची लाज किंवा इच्छा, दोन्ही एकाच पानावर, एकाच रकान्यात. हा रकाना फाडून टाकला तर पहिल्यावर अन्याय. उघडा ठेवला तर दुसऱ्यावर.

मी सध्या असं करते : ज्याची नोंद त्याला किंवा त्याच्या वंशजांना तेवढी ओळ. संशोधकाला पानं, पण नावं झाकून. स्कॅन शाळेबाहेर जात नाही. पण हे नियम मी केलेत, कोणी मंजूर केलेले नाहीत, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

विश्वस्त : आणि वंशज म्हणजे कोण? शिकून शहरात गेलेला नातू येईल. न शिकलेल्या मुलाचा नातू तुमच्या खिडकीशी येणारच नाही, कारण आपलं नाव इथे आहे हे त्याला ठाऊक नाही. नावं झाकली तर संशोधकाला ते 1 जूनचं पान दिसेल, पण इन्फ्लुएंझात गेलेली मुलं पुन्हा बिननावाचीच राहतील, आणि ती नावं उरावीत म्हणून तर तुम्ही हजेरीपट फेकू देत नव्हता. तुमची दोन वचनं एकमेकांना छेद देतात.

अभिलेखपाल : देतात. मेलेल्या मुलाचं नाव घ्यावं असं मला वाटतं आणि जिवंत कुटुंबाची जात झाकावी असंही वाटतं. किती वर्षांनी नोंद उघडी करावी? शंभर? जातीची नोंद शंभर वर्षांनीही जुनी होत नाही, पडताळणी समिती तीच मागते. म्हणून मुदतीचा साधा नियम या एका रकान्याला लागू पडत नाही. बाकी सगळ्या कागदांना पडेल.

विश्वस्त : मग माझी भूमिका अशी. कपाटं, वेष्टनं, ढोबळ यादी, चिकटलेल्या पानांची दुरुस्ती, यासाठी तुमची मुदतवाढ मी अडवणार नाही. स्कॅनिंगला मात्र मंजुरी देणार नाही, कोणती नोंद कोणाला दाखवायची याचे नियम मंडळाच्या ठरावात येईपर्यंत. आणि तो ठराव आम्ही विश्वस्तांनी एकट्याने करू नये. आम्हीही शाळेच्या मोठेपणाच्या बाजूचेच.

अभिलेखपाल : ठराव होईपर्यंत हिराकसाची शाई थांबणार नाही, हे मी प्रत्येक सभेत म्हणत राहीन. पण ठराव हवा, हे मला मान्य आहे, आणि त्यात ज्यांची नावं त्या रजिस्टरांत आहेत त्यांच्या घरचं कोणीतरी हवं. तेव्हा ज्यांचे आजोबा-आजी जुन्या शाळेत एक-दोन इयत्ताच शिकले, त्यांना माझी विनंती आहे : दाखल्याची गरज पडण्याची वाट पाहू नका. त्या शाळेत जा, आमचं रजिस्टर कुठे आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि ते कोणाला दाखवलं जातं, हे विचारा. आणि घरात शाळेचा जुना सामुदायिक फोटो असेल तर त्याच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, आठवतील तितकी नावं आजच लिहून ठेवा.